चार वर्षांचा कॉम्प्युटर, तीन वर्षांचा कॉम्प्युटर

बारावीचा निकाल लागला त्या दिवशी आमच्या घरात आनंद झाला, पण तो साजरा करायला कोणाला सवड नव्हती. बाबा शाळेतून सायकलवरून आले, गुणपत्रिका हातात घेऊन ओट्यावरच उभे राहिले, गणिताचे गुण दोनदा वाचले आणि म्हणाले, "आईला सांगितलंस?"

"सांगितलं," मी म्हटलं.

मग ते शर्ट बदलून वाडीत गेले. पाऊस अजून धरला नव्हता, केळी पाण्यावाचून माना टाकत होत्या आणि वीज असेपर्यंतच विहिरीवरचा पंप चालवून घ्यायचा होता. मी आत जाऊन आईची कूस बदलली. तिला पेज भरवली. निकाल पुन्हा एकदा सांगितला. ती "हो" म्हणाली. पण त्या दिवसांत ती बहुतेक गोष्टींना "हो"च म्हणायची.

आईला त्या वर्षीच्या थंडीत अर्धांगवायूचा झटका आला होता. वाडीत पानवेलीची पानं खुडता खुडता ती खाली बसली ती उठलीच नाही. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि बोलणंही. अगदीच मुकी झाली नव्हती. "हो", "नाय", "पानी", "जा" एवढे शब्द उरले होते. नवल म्हणजे प्रार्थना मात्र तिला अख्ख्या यायच्या. संध्याकाळी रोझरीची जपमाळ सुरू झाली की ती एकही शब्द न चुकता आमच्याबरोबर म्हणायची. इतकी स्पष्ट, की शेजारच्या घरात ऐकू जावं. प्रार्थना संपली की पुन्हा ते चार शब्द. डॉक्टर म्हणाले, असं होतं. का होतं, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

घरात आम्ही तिघंच. माझ्या आधीची भावंडं जगली नव्हती. गासला राहणारी माझी मावशी आठवड्यातून एक-दोनदा एसटीने यायची, आईचं न्हाणंधुणं करायची, दोन दिवसांचं कालवण करून ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. तिचंही घर होतं, गुरं होती. उरलेल्या दिवसांत मी आणि बाबा. पहाटे ते वाडीत, मग शाळेत, मग पुन्हा वाडीत. मी स्वयंपाक, आईचं सगळं, कॉलेज, अभ्यास. बारावीची परीक्षा मी कशी दिली ते मला आज आठवत नाही. पेपर लिहिताना बाकावर हाताला साबणाचा वास यायचा, एवढंच आठवतं.

बाबा आमच्या गावच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांना कॉम्प्युटर या शब्दाचं फार प्रेम होतं. प्रत्यक्ष त्यांनी तो कधी पाहिला नव्हता, पण वर्तमानपत्रात त्याबद्दल काही आलं की वर्गात सांगायचे. हे यंत्र फक्त शून्य आणि एक एवढंच ओळखतं, हे मुलांना समजावताना ते आमच्याच वाडीतली विड्याची पानं टेबलावर ओळीने मांडायचे. उताणं पान म्हणजे एक, पालथं पान म्हणजे शून्य. सातवीत मीही त्यांच्याच वर्गात होते. पानं उलटीसुलटी करून त्यांनी तेरा, चौदा, पंधरा असे आकडे करून दाखवले होते आणि तास संपल्यावर मुलींनी ती पानं काताशिवायच खाऊन टाकली होती.

तेव्हा माझे गुण इतके चांगले आल्यावर बाबांच्या मनात काय आलं असेल ते मला सांगायची गरज नव्हती.

"कॉम्प्युटर इंजिनिअरिंग," दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले. आईला उठवून बसवताना आम्ही दोघं समोरासमोर यायचो, तेव्हाच आमचं बोलणं व्हायचं. "तुला मिळेल. मी चौकशी केली."

"ते चार वर्षांचं आहे."

"मग काय झालं?"

"आणि पार मुंबईच्या दुसऱ्या टोकाला."

"मग काय झालं?"

घरात बोलताना आमच्याकडे बापालाही 'तू' म्हणतात, चारचौघांत सांगताना मात्र 'ते'. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तू विचार कर. मी उजाडायच्या आत निघाले आणि काळोख पडल्यावर आले तर आईचं कोण करेल?"

"बघू," ते म्हणाले. "देव बघेल."

दुसरा रस्ता मला आमच्या कॉलेजातल्या बाईंनी सांगितला होता. विद्यापीठाने नुकताच बी.एस्सी.ला कॉम्प्युटर हा विषय सुरू केला होता. तीन वर्षं, गणित जोडीला, आणि उपनगरातल्या ज्या कॉलेजात तो होता तिथे तास सकाळचे असायचे. दुपारी जेवायच्या वेळेला घरी येता आलं असतं. तिसराही रस्ता होता, इथेच वसईत साधं गणित घ्यायचं, मग बी.एड. करायचं आणि बाबांसारखं शाळेत लागायचं. पण त्याचं नावही बाबा काढू देत नव्हते.

मग सल्ले सुरू झाले. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात बाबांना कोणी ना कोणी गाठायचं. एकाचा भाचा आखातात इंजिनिअर होता, तो म्हणाला, बी.एस्सी.ला तिकडे कुत्रं विचारत नाही. दुसरा बँकेत होता. तो म्हणाला, बँकेत ही यंत्रं आली की आमच्या नोकऱ्या जाणार, युनियन ती येऊ देणार नाही, तेव्हा पोरीला त्यात घालूच नका. फादर म्हणाले, प्रार्थना करा. मावशी म्हणाली, "जवळचं घे. पोरीच्या जातीला एवढं लांब कशाला? आणि हिला टाकून?" 'हिला' म्हणताना तिने आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मला काय हवं होतं, असं मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला खरं उत्तर देता आलं नसतं. इंजिनिअरिंगचं आकर्षण नव्हतं असं नाही. तो शब्द उच्चारताना बाबांचा चेहरा उजळायचा, ते मला दिसत होतं. पण त्या दोन-तीन महिन्यांत मला खरोखर काही हवं असेल तर ती झोप होती. पाऊस सुरू झाल्यावर तर आईच्या चादरी वाळेनात. शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर मी एकेक चादर शेकवायचे. घरभर धुराचा आणि दमट कापडाचा वास असायचा. एक वाळेपर्यंत दुसरी ओली व्हायची. चार वर्षं आणि तीन वर्षं यांतला फरक मला एवढाच कळत होता की एक लवकर संपतं.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं बोलावणं आधी आलं. बाबांनी शाळेतून रजा घेतली. मावशी आदल्या दिवशीच येऊन राहिली. निघताना मी आईच्या जवळ गेले. ती "जा" म्हणाली. पण ते ती कोणालाही म्हणायची. माशी वारायलाही म्हणायची. मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले.

प्रवेशाच्या ठिकाणी एक लांबलचक व्हरांडा होता. एका टोकाला सभागृहाचं दार, दाराबाहेर एक मोठा फळा. फळ्यावर शाखांची नावं आणि पुढे उरलेल्या जागांचे आकडे. आत कोणी जागा घेतली की शिपाई बाहेर येऊन ओल्या फडक्याने आकडा पुसायचा आणि एकने कमी करून लिहायचा. मग पुढचा नंबर पुकारायचा. सगळे आईबाप त्या फळ्याकडे टक लावून बसले होते. कॉम्प्युटरचा आकडा सगळ्यांत भरभर उतरत होता. माझ्या नंबरापर्यंत तो टिकेल असा बाबांचा हिशेब होता. ते पुन्हा पुन्हा मला तो हिशेब सांगत होते.

भिंतीला लागून एक बाक होता. त्यावर आम्हाला जागा मिळाली. बाहेर पाऊस लागला होता आणि व्हरांड्यात गार वारा येत होता. मी पिशवी मांडीवर घेतली, डोकं भिंतीला टेकलं. समोरच्या एका बाईंच्या हातात स्टीलचा डबा होता आणि त्या मुलाला जबरदस्तीने काहीतरी खाऊ घालत होत्या. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा व्हरांडा निम्मा रिकामा झाला होता. माझं डोकं बाबांच्या खांद्यावर होतं. ते ताठ बसले होते, जराही न हलता, फळ्याकडे बघत. मी फळ्याकडे पाहिलं. कॉम्प्युटरसमोर शून्य होतं.

"आपला नंबर?" मी विचारलं.

"पुकारला," बाबा म्हणाले.

"कधी?"

"मघाशी."

"मग तू मला उठवलं का नाहीस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तू झोपली होतीस," ते म्हणाले.

मला आधी वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. मी उठून दाराशी गेले. शिपायाला नंबर सांगितला. तो म्हणाला, "दोनदा पुकारला की ताई. कोणी आलं नाही." आत टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, स्थापत्यच्या थोड्या जागा शिल्लक आहेत, पण त्या लांबच्या जिल्ह्यात. घ्यायच्या असतील तर आत्ता सांगा. मी वळून पाहिलं. बाबा माझ्या मागे येऊन उभे होते.

"नको," ते म्हणाले. "तिला कॉम्प्युटरच हवा होता."

'हवा होता' म्हणाले, मला कधी विचारलेलं नसताना. मला ते चांगलंच लक्षात आहे, कारण तेवढ्या एका गोष्टीचा मला तिथल्या तिथे राग आला. बाकीच्या गोष्टींचा राग यायला आणखी वेळ लागला. परत येताना स्टेशनवर उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, काही खाणार का? मी नाही म्हटलं. एसटी भरून गेली होती, म्हणून पुढच्या गाडीची वाट बघत पावसात उभे राहिलो. त्यांची छत्री ते माझ्या डोक्यावर धरत होते आणि स्वतः भिजत होते. मी छत्री त्यांच्याकडे सरकवली नाही.

घरी मावशीने दारातच विचारलं, "मिळालं?"

बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि आईच्या खाटेशी जाऊन, जणू तिलाच सांगायचं होतं अशा आवाजात म्हणाले, "नंबर पुकारला तेव्हा ती झोपली होती. मी उठवलं नाही. जागा गेली."

मावशी म्हणाली, "जाऊ दे. बरंच झालं म्हण."

बाबांनी पेजेची वाटी उचलली आणि आईला भरवायला बसले. पहिला चमचा पुढे केला. आईने डाव्या हाताने वाटीला फटका मारला. वाटी जमिनीवर आपटली, पेज बाबांच्या लुंगीवर आणि भिंतीवर उडाली. झटका आल्यापासून आईच्या त्या हातात एवढं बळ असेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

"जा!" ती म्हणाली.

बाबा उठले. त्यांना वाटलं, ती त्यांना निघून जायला सांगते आहे.

"नाय," आई म्हणाली. तिने हात माझ्याकडे केला. "जा." मग दाराकडे केला. "जा. जा. जा." तिचा चेहरा लाल झाला होता, ओठाच्या एका कडेने लाळ गळत होती, आणि तिला थांबताच येत नव्हतं. मावशीने तिला धरलं. मी तिच्या पायाशी बसले. आत्तापर्यंत सगळे, मीसुद्धा, असं धरून चाललो होतो की प्रश्न तिच्यामुळे अडला आहे आणि मी घरी राहावं अशीच तिची इच्छा असणार. ती काय म्हणेल ते कोणी विचारलं नव्हतं, कारण ती काही म्हणू शकत नव्हती.

सकाळी निघताना ती मला जे म्हणाली होती ते खरंच म्हणाली होती का, ते मला माहीत नाही. म्हणाली असेल.

त्या दिवसापासून तिने बाबांच्या हातचं खाणं बंद केलं. माझ्याही. मावशी गावाला परत गेल्यावर आमची पंचाईत झाली. आई वाटी स्वतःजवळ ओढून घ्यायची आणि डाव्या हाताने खायची. निम्मं अंगावर, निम्मं चादरीवर. म्हणजे धुवायचं काम आणखी वाढलं. मी चिडले की ती माझ्याकडे बघायची आणि चमचा तोंडाकडे न्यायची. हळूहळू कमी सांडायला लागलं.

बाबा मात्र दुसऱ्याच दिवशी पुन्हा मुंबईला गेले होते, एकटे. मला सांगितलं नव्हतं. तिथल्या साहेबांना जाऊन भेटले, चूक माझी आहे, मुलीची नाही, असं सांगितलं. साहेब म्हणाले, चूक कोणाचीही असो, जागा गेली. ते संध्याकाळी आले तेव्हा मला म्हणाले, "आता ते दुसरं बघू. बी.एस्सी.चं." त्यांच्या तोंडून ते प्रथमच निघालं होतं. त्यात उत्साह नव्हता. मी म्हटलं, बघू.

बी.एस्सी.ला कॉम्प्युटरच्या जागा थोड्या होत्या, म्हणून तिथेही मुलाखत होती. विभागाच्या प्रमुख एक बाई होत्या, पांढऱ्या सुती साडीतल्या, आवाज बसलेला. त्या दिवशी सकाळपासून त्या बोलतच असाव्यात. माझे गुण बघून त्यांनी भुवया वर केल्या.

"हे गुण घेऊन तू इकडे कशी? इंजिनिअरिंगला गेली नाहीस?"

काय सांगावं ते मी ठरवून आले होते. घरच्या अडचणी वगैरे. पण त्यांनी विचारलं तेव्हा ते सगळं सांगायचा मला कंटाळा आला. मी म्हटलं, "माझा नंबर पुकारला तेव्हा मी झोपले होते."

त्या हसल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसायच्या थांबल्या. "घरी कोण आजारी आहे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

त्यांनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "हे बघ, मी तुला फसवणार नाही. तिकडे ते यंत्र बनतं कसं ते शिकवतात, वीज, सर्किट, सगळं. आम्ही त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं ते शिकवतो. गणित आमच्याकडे जास्त आहे. पण उद्या नोकरीला तू आणि तिकडून आलेली मुलगी एका टेबलाशी बसलात तर तिची खुर्ची तुझ्यापेक्षा वरची असेल. काम कदाचित एकच असेल. हे चालणार असेल तर ये."

"चालेल," मी म्हटलं.

"विचार करून सांगितलंस तरी हरकत नाही. उद्यापर्यंत वेळ आहे."

"नको," मी म्हटलं. "आत्ताच सांगते."

निवड म्हणतात ती मी एवढीच केली. धीटपणाने केली असं लोकांना वाटेल. पण मला पुन्हा घरी जाऊन, आईला उठवून बसवताना, बाबांच्या समोर तो विषय काढायचा नव्हता, म्हणून मी ती तिथेच संपवली.

बाहेर बाबा उभे होते. बाईंनी त्यांनाही आत बोलावलं आणि आम्हा दोघांना कॉम्प्युटरची खोली दाखवली. चपला बाहेर काढायला लावल्या. आत चांगलीच थंडी होती. काचेच्या पडद्यांवर हिरवी अक्षरं, आणि पलीकडे कपाटाएवढं यंत्र, घोंघावणारं. बाबा हात मागे बांधून उभे राहिले, चर्चमध्ये उभे राहतात तसे. वर्गात पानं मांडून जे ते वर्षानुवर्षं शिकवत आले होते ते समोर होतं आणि त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, "आत फार गार आहे. स्वेटर घेऊन येत जा."

ती तीन वर्षं मी कशी काढली? पहाटे उठून, आईचं आवरून, पहिल्या एसटीने. वर्गात इंग्रजी. इंग्रजी वाचता येत होतं, पण बोललेलं कानाला लागायला पहिलं वर्ष गेलं. प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, तपासायचा, मग यंत्रावर बसायची पाळी येईपर्यंत थांबायचं. एक स्वल्पविराम चुकला की सगळं परत. मुली वैतागून रडायच्या. मला रडू यायचं नाही. त्या थंड खोलीत बसायला मिळतं याचंच मला सुख होतं, कारण तिथे मला कोणी हाक मारत नव्हतं. यंत्राला थांबलेलं चालायचं. ते आजारी पडायचं, पण त्याचं मला काही करावं लागत नव्हतं.

आणि दुपारी घरी. आईने दरम्यान काठीने उभं राहायला सुरुवात केली होती. कोणी शिकवलं नाही, तीच करायला लागली. एकदा मी आले तर ती ओट्यावर बसली होती, एकटी तिथपर्यंत आली होती, आणि तिच्या पदरावर सगळं कालवण सांडलं होतं. माझ्याकडे बघून ती हसली, अर्ध्या तोंडाने. मी तिथेच तिच्या बाजूला बसले. पाय इतके दुखत होते की आत जाऊन पाणी पिण्याचंही जिवावर आलं होतं. मग आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो. तिचं बोलणं शेवटपर्यंत आलं नाही, पण काठीने ती विहिरीपर्यंत जाऊ लागली होती. बाबांच्या हातचं खायलाही लागली, पण ते पुढे, कधी ते मला कळलं नाही. एक दिवस पाहिलं तर ती खात होती.

पदवी मिळाल्यावर मला मुंबईत एका कंपनीच्या हिशेबखात्यात काम मिळालं. पगारपत्रकं, मालाचे हिशेब, सगळं आता यंत्रावर चढवायचं होतं. बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. माझ्याबरोबर लागलेल्या इंजिनिअर मुलीची खुर्ची वरची होती आणि काम एकच होतं. ती चांगली मुलगी होती. अडलं की मला विचारायची, आणि मी सांगायचे. वर्षाच्या शेवटी बढती तिला मिळायची. पहिल्या वर्षी मी संतापले. दुसऱ्या वर्षी संतापायचं ठरवलं होतं, पण त्या दिवसांत आईला पुन्हा झटका आला आणि ते राहून गेलं.

आई गेली त्या पावसाळ्यात वाडीतली पानवेलही संपली. आजूबाजूच्या विहिरींतून टँकर भरभरून पाणी जायला लागलं होतं, नवीन इमारतींसाठी, आणि आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. पानवेलीला ते सोसत नाही. बाबांनी मांडव काढून टाकला. शाळेतून ते निवृत्त झाले होते. आता त्यांना दिवसभर काही काम नव्हतं आणि ते त्यांना जमत नव्हतं. सकाळी उठून वाडीत जायचे, रिकाम्या जागी फिरून परत यायचे.

एका रविवारी सकाळी आम्ही दोघं मिस्साला जायचे कपडे घालून ओट्यावर बसलो होतो. लवकर तयार झालो होतो. आईचं काही करायचं नसल्यामुळे आमच्याकडे वेळ उरायला लागला होता आणि त्याचं काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. मी त्यांना विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, "बाबा, त्या दिवशी तू मला का नाही उठवलंस?"

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही.

"पहिल्यांदा पुकारला तेव्हा उठवणार होतो," ते म्हणाले. "तुझ्या खांद्याला हात लावला. तू हललीच नाहीस. तोंड उघडं होतं तुझं. लहानपणी झोपायचीस तशी. मला वाटलं, अजून एकदा पुकारतील. तेवढं झोपू दे."

"आणि दुसऱ्यांदा?"

समोरच्या रस्त्यावरून लोक चर्चकडे जायला लागले होते.

"दुसऱ्यांदा," ते म्हणाले, "मला भीती वाटली. तू चार वर्षं तिकडे, आणि मी इथे तिला घेऊन. मी एवढे दिवस तोंडाने म्हणत होतो, देव बघेल. पण तिथे बसल्यावर मला कळलं की मी दमलोय. मला एकट्याला होणार नाही. तेवढ्यात शिपायाने पुढचा नंबर पुकारला."

मला वाटलं होतं की खरं कळल्यावर काहीतरी हलकं वाटेल. तसं झालं नाही. ते खरं बोलत होते एवढं मला कळलं. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं याचा मी विचार करून पाहिला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

"तुझा राग आहे माझ्यावर?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडा," मी म्हटलं.

"असू दे," ते म्हणाले.

चर्चची पहिली घंटा अजून व्हायची होती. आम्ही तसेच बसून राहिलो.